कोरड्या विहिरीचा फोटो

पटो न पटो, जे घडलं ते असंच घडलं. भागूबाई माझी सख्खी थोरली बहीण. खोटं बोलायची तिला कधी गरजच पडली नाही.

१९ एप्रिल २०१६, मंगळवार. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. रात्र नव्हती, भर दुपार होती. चितेगाव फाट्यावर ओळखीच्या गोकुळचं ऑनलाईन सेवा केंद्र.

पैठण रोडनं शहर वाढत इथवर आलं होतं. पण फाट्यामागच्या भागूबाईच्या वाडीतल्या चाळीस घरांना घोटभर पाणी नव्हतं. विहीर आटल्याचा फोटो पाच वाजायच्या आत तहसीलला ई-मेलनं गेला तरच टँकर. नाहीतर वाडी यादीतून बाद.

फोटो भागूबाईनं स्वतः काढला होता. भेगाळलेला गाळ अन् मधोमध एक काळा दगड.

गोकुळनं आदल्याच दिवशी कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली होती. फोटो जोडला की पडद्यावर नुसतं चक्र फिरायचं.

“नव्या सिस्टीमचे नखरे हायेत, भागूआत्या. साईज कमी करतो.”

“तुझ्या डोक्यावरचे केस कमी झाले तेवढं बास. फोटो पाठव.”

गेला एकदाचा.

दहा मिनिटांनी तहसीलात टँकरच्या यादीवर सही करणाऱ्या मधुसूदनरावांचा फोन आला.

“बाई, थट्टा करता का? विहिरीत पुरुषभर पाणी दिसतंय!”

गोकुळनं पाठवलेला मेल उघडला...

पाणी. हिरवं, संथ पाणी.

मोबाईलमध्ये पाहिलं. कोरडी.

“व्हायरस असंल,” गोकुळ म्हणाला. त्यानं स्वतःच्या मोटारसायकलचा फोटो जोडून पाहिला. जशीच्या तशी मोटारसायकल.

पुन्हा विहीर जोडली. पाणी आणखी दोन पायऱ्या वर...

शेजारच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवरून पाठवली. पाणी आणखी वर.

दोघं परत केंद्रात येऊन बसले, तेवढ्यात डोक्यावरचा पंखा थांबला. लाईट होती. बाहेर ट्रक जात होते, पण त्यांचा आवाज येईना.

मग बंद स्पीकरमधून आवाज आला...

डुबुक.

गोकुळ खुर्चीवरून उठलाच. “आत्या, हे मशीन मी बंद करतो.”

भागूबाई हलली नाही. ती पडद्यावरच्या पाण्याकडं बघत होती.

बहात्तरच्या दुष्काळात तिची सासू लक्ष्मीबाई याच विहिरीत उतरली होती, वाटीवाटीनं पाणी भरायला. वर दोर धरायला होती अठरा वर्षांची भागूबाई. दोर सुटला. खाली पुरुषभर पाणी असतं तर सासू वाचली असती.

खाली दगड होता.

“आता दाखवतीस व्हय पाणी?” भागूबाई पडद्याला म्हणाली. “चव्वेचाळीस वर्षांनी? ठेव तुझं पाणी तुझ्यापाशी. माझ्या वाडीला टँकर पायजे.”

तिनं मधुसूदनरावांना फोन लावला.

“फोटो-बिटो बास झालं, साहेब. गाडी काढा अन् डोळ्यांनी बघा.”

“मला वेळ नाही, बाई.”

“मग मी विहिरीत जाऊन बसते. तुमची सही झाली की वर येईन.”

पायऱ्या संपल्यावर दोर धरून उतरली अन् बसली. त्याच काळ्या दगडावर.

“दोर माझ्या हातून सुटला,” ती मोठ्यानं बोलली. “मुद्दाम नाय. राग असंल तर माझ्यावर काढ. लेकराबाळांचं पाणी आडवू नको.”



तिच्या मानेवर एक गार थेंब पडला...

वर बघितलं तर विहिरीचा कोरडा काठ. त्यावर तापलेलं ऊन.

पाचला दहा कमी असताना मधुसूदनराव मोटारसायकलवर घाबरेघुबरे आले. वाकून बघितलं. विहीर ठणठणीत कोरडी, तळाशी भागूबाई. त्यांनी फोटो काढला, काठावरच कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. बाया हंडे घेऊन धावल्या.

आठवड्यानं मधुसूदनराव वाडीत आले. चहा घेतला नाही. उभ्या उभ्याच बोलले.

“मावशी, त्या दिवशीचा फोटो मी ऑफिसात फाईलला जोडायला गेलो. काठोकाठ पाणी होतं.”

“अन् मी?”

“तुम्ही कुठंच नव्हता.”



“बुडवायचं होतं तर बुडवलं असतं सासूनं,” भागूबाई म्हणाली. “फाईलीत बुडून मी मरत नसते. हातानं लिहा, विहीर कोरडी.”

त्यांनी तसंच लिहिलं. आता दर उन्हाळ्याला ती स्वतः तहसीलात जाऊन उभी राहते. फोटो मागितला की म्हणते, “मी आले की. बघा माझ्याकडं.”

तिच्याइतकी छाती माझी नाही. विहिरीचा तो फोटो माझ्याही मोबाईलमध्ये आहे. रोज बघतो. कोरडी दिसते.

ही हकीकत छापायला पाठवताना सोबत फोटो जोडा, असं मला सांगितलंय.

बोट दोनदा त्या बटणापर्यंत गेलं...

जोडलेला नाही.