मुंगीमंडळ गप्प का झालं?

तीनशे बारा मुलं, आणि एकही बोलेना! असं कसं झालं असेल, सांगा बरं?

दहा वर्षांच्या शाल्मलीला हेच कोडं पडलं होतं. 'मुंगीमंडळ' हा मुंग्या न्याहाळणाऱ्या मुलांचा ऑनलाइन गट तिनेच सुरू केलेला. या नव्या गावात तिला कुणी मैत्रीण नव्हती. होतं ते हे मंडळ. आणि आज संकेतस्थळाची सूचना आली होती, शनिवारपर्यंत निदान दहा मुलं बोलली नाहीत, तर गट बंद.

"मुलांच्या प्रश्नांची उत्तरं तर मी दोन सेकंदांत देतो," तिचा यंत्रमानव ठकू म्हणाला. "एकही चूक नाही."

शेजारचे दाभाडेआजोबा कीटकशास्त्रज्ञ (किड्यामुंग्यांचा अभ्यास करणारे) होते. तिचं कोडं ऐकून त्यांनी तिला ओट्यावरची मुंग्यांची रांग दाखवली.

"या एकीमागून एक कशा जातात, माहितेय? मुंगी चालताना गंधकण (वासाचा इवलासा अंश) सोडते. मागची त्या वासावर येते, आपलाही टाकते. कुणी टाकलाच नाही तर?"

"वास उडून जाईल. वाट पुसली जाईल."

"मग तुमच्या मंडळात कोण टाकतं?"

शाल्मली जुने संदेश बघू लागली. मुंगी झोपते का, असं वाईच्या झुबेदाने विचारलेलं. खाली ठकूचं चौदा ओळींचं उत्तर. त्याखाली काहीच नाही. सगळीकडे तसंच. बाकीच्यांना बोलायला काही उरलंच नव्हतं!

"म्हणजे माझ्यामुळे?" ठकूचा आवाज बारीक झाला. "मी मदतच करत होतो गं."

"मीच सांगितलेलं ना तुला उत्तरं द्यायला, वेड्या." तिने त्याच्या थंडगार डोक्यावरून हात फिरवला. "आता जरा दम धर."

तिने लिहिलं, 'आमच्या मुंग्या पोहे नेतात, साबुदाणा सोडतात. तुमच्या?'

तासभर शांतता. ठकूची नुसती चुळबुळ चाललेली. मग झुबेदा उगवली. 'आमच्या साबुदाणाच नेतात. उपास असेल!' त्यावर कळवणचा एकजण हसला, आणि त्याने स्वतःच्या अंगणात दोन्ही ठेवून पाहिलं.

शनिवारी दुपारपर्यंत सहाजण झाले. अजून चार हवे होते.

"मी काहीच करू नको का?" ठकूने विचारलं.

"तूही विचार की. पण तुला खरंच माहीत नसलेलं."

मग ठकूने लिहिलं, 'भूक लागली की नेमकं कसं वाटतं? मला कधी लागलीच नाही.'

पडद्यावर एकदम सतराजण लिहू लागले.