उलट ठोका

होडी पलीकडच्या काठावरच्या सुताराला द्यायची, बसने परत यायचं आणि दुपारच्या गाडीने मावशीला माझ्या घरी न्यायचं, एवढंच त्या सकाळचं काम होतं. वर्षभर ती "पुढच्या महिन्यात येते" म्हणून मला टोलवत होती. काका गेल्यापासून तिला धड झोप नव्हती, चेहऱ्याची रया गेली होती. या खेपेला मी हट्टालाच पेटले होते. तिला घेतल्याशिवाय जायचंच नाही.

तळं शहराच्या मधोमध, पण इंजिनाच्या बोटींना तिथे बंदी. काठावरच्या इमारतीत कुणी खिडकी लावली तरी पाण्यावर ऐकू यायचं. मावशी सवयीने पुढे बसली, मी मागे, काकांच्या जागेवर. पुढच्याने लय धरायची, मागच्याने होडी वळवायची, एवढा धडा तिने मला दिला. मी वळवतेय कसली! होडी आपली झोकांड्या खात चालली होती.

"अगं, डावीकडे काय जेवायला बोलावलंय का तुला?" मावशी म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती थट्टा करत होती. मला फार बरं वाटलं.

मग धुकं उतरलं. आधी इमारती गेल्या, मग काठ, मग होडीचं टोक. ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा वास तेवढा उरला. आपण तरंगतोय की झोपेत आहोत, हेही मला नीट सांगता येईना.

टक्.

लाकडावर लाकूड. अगदी जवळून.

तिथला रिवाज मला लहानपणापासून ठाऊक होता. धुक्यात टक्कर होऊ नये म्हणून होडीच्या कडेवर वल्हं आपटायचं. ऐकणाऱ्याने उलट ठोका द्यायचा. आणि ज्याने उत्तर दिलं, त्याने किनारा दिसेपर्यंत साथ सोडायची नाही.

मावशीचं वल्हं हवेतच थांबलं होतं. पुन्हा टक् झालं. कुणी बिचारं वाट चुकलंय असं वाटून मी वल्ह्याचा दांडा कडेवर आपटला.

"उत्तर दिलंस...?" मावशी पुटपुटली.

"मग? धडकला असता तो."

"कोणी धडकत नाही गं... हे आहेत ते."

काका याच होडीतून धुक्यात गेले होते. होडी मिळाली, काका मिळाले नाहीत.

"तेव्हापासून पहाटे ठोकतात," ती म्हणाली. "घरात ऐकू येतं. मी कानांवर उशी घेऊन पडते... पण उत्तर कधी दिलं नाही."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. माझ्या पाठीमागे कुणी जपून पाय ठेवावा तशी होडी हलकेच खाली बसली. आणि सरळ चालू लागली. माझं वल्हं तर पाण्याबाहेर, मांडीवर होतं.

मावशीने लय धरली. तिचे खांदे किती सैल, किती तरुण दिसत होते! मागून वल्ह्याचा आवाज येत होता, तिच्याच लयीत. मला भीती वाटत होती आणि हे संपू नये असंही वाटत होतं. मग एकदम लक्षात आलं, ही अशीच जाईल. दोघं मला विसरून असेच जात राहतील आणि मावशी काही परत यायची नाही.

"काका," मी मागे न बघता म्हटलं. "मला तिला न्यायचंय... सोडा तिला."

मागचं वल्हं थांबलं. मग होडी सावकाश वळली आणि काही दिसायच्या आतच धक्क्याला लागली. धुक्यातून सुताराचा हात पुढे आला, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

मावशी आता माझ्याकडे राहते. दोन वेळा नीट जेवते, गाढ झोपते, घोरतेसुद्धा. अखेर आणलंसच तिला, म्हणून सगळे माझं कौतुक करतात.

माझं घर नवव्या मजल्यावर आहे. आसपास पाण्याचा पत्ता नाही. पण पहाटे खिडकीबाहेर धुकं असलं की माझ्या पलंगाच्या लाकडावर टक् होतं. मी दोन्ही हात उशीखाली दाबून धरते. तरीही उशाकडची बाजू हलकेच खाली बसते आणि माझ्या डोक्यामागे पाणी कापल्याचा आवाज सुरू होतो.

काकांनी मावशीला सोडलं, ते खरं. उत्तर मात्र मी दिलं होतं. आणि त्या सकाळी किनारा आम्हाला दिसलाच नव्हता.