गुलबन

मुदखेडच्या रोपवाटिकेत मी ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी घेऊन शिरले आणि दारातच एका उंच मुलावर आदळले. काडी वाचली, पण त्याच्या हातातली झारी माझ्या ओढणीवर रिकामी झाली.

"पाणी झाडाला घालतात ना?" मी तडकले.

"हाव. पण आज झाडच चालत आलं..." तो हसला. त्याचं नाव हरिओम, रोपवाटिका त्याचीच.

माझं हसण्यात लक्ष नव्हतं. विष्णुपुरीच्या आमच्या क्वार्टरमधलं आईचं गुलाबाचं झाड वाळलं होतं. आई गेल्यावर तिच्या हातचं तेवढंच उरलेलं, आणि त्यातली हिरवी अशी ही एकच काडी. "आई त्याला गुलबन म्हणायची," एवढं बोलून मी फडकं त्याच्यापुढे धरलं.

हरिओमची थट्टा थांबली. काडीवरचा डोळा, म्हणजे नवी फांदी फुटते ती जागा, सालीसकट अलगद काढून त्याने रानगुलाबाच्या खुंटात भरला, वर पट्टी बांधली. "जगंल. पण बघायला येत जावा. झाडाला बरं वाटतं."

"झाडाला?"

"...झाडालाच की!" त्याचे कान लाल झाले.

मग मी दर रविवारी जाऊ लागले. एकदा बुडाशी चांगला लांब फुटवा दिसला. मी आनंदाने ओरडले, आणि हरिओमने तो कात्रीने कापून टाकला!

"काय केलंत हे? माझ्या आईचं..." मला रडूच फुटलं.

"आईंचं न्हाई ते. पट्टीच्या खालून आलं म्हंजे रानगुलाब. ठेवलं असतं तर आईंचा डोळा उपाशी मेला असता. हितं बघा."

पट्टीपाशी ज्वारीच्या दाण्याएवढा लालसर कोंब होता. मी रडता रडता हसले, त्याचा हात घट्ट धरला. त्यानेही तो सोडवून घेतला नाही.

पुढे फूल आलं. फिकट गुलाबी, अगदी आमच्या अंगणातल्या वासाचं.

"हरिओम, तुमचे उपकार कसे फेडू?"

"राहू द्या. तुमचा तो शब्द मी उर्दू शाळेच्या गुरुजींना विचारला. लई जुना, फारसी हाय. गुल म्हंजे गुलाब, बुन म्हंजे बूड, मूळ. गुलबुन, म्हंजे तुमचं गुलबन, गुलाबाचं अख्खं झाड." त्याने रानगुलाबाच्या खुंटाला हात लावला. "ह्याचं मूळ माझं हाय, तनुजा... फूल तुझ्या आईचं. झाड खुशाल ने. पण—"

'तू' ऐकून मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. "पण काय?"

"रविवारी मी कुणाची वाट बघू?"

"झाड इथंच राहील," मी म्हणाले. "आणि येत्या रविवारी तू ये. हे फूल घेऊन, बाबांना भेटायला."

तो घाबरलाच. "बाबांना काय सांगू?"

"सांग... आईनं पाठवलंय."