सोम्याचं 'क्रमशः'

परळीत औष्णिक वीज केंद्रातून उडून घरोघरी साचणारी राख बोटाला पिठासारखी लागते. करडी, मऊ.

त्या दुपारी सुनिताच्या बोटाला लागलेली राख पांढरी होती. आणि तिच्यात खडे होते…

सुनिता माझी मावसबहीण. गेल्या वैशाखात, तिच्या परळीच्या घरात, भरदुपारी हे घडलं. ती राख ज्या पानावर होती, ते पान मी स्वतः पाहिलंय. तेव्हापासून धूळ पुसली की मी आधी बोट बघते.

राख 'वज्रखड्ग'च्या शेवटच्या अंकावर होती.

तलवारी, मांत्रिक, राक्षस यांच्या चित्रकथांचं हे मासिक थोडेच महिने निघालं आणि बंद पडलं. शेवटच्या चित्रात नायक वज्रखड्ग गुहेच्या दारात घायाळ पडलेला. खाली एकच शब्द. क्रमशः.

लहानपणी सुनिता आणि तिचा धाकटा भाऊ सोमेश्वर पुढच्या अंकासाठी स्टेशनवरच्या स्टॉलला चकरा मारायचे. स्टॉलवाला हसायचा, "मांत्रिकबी म्हातारा झाला आसंल आता बे! जावा घरी."

दोघांना वाटायचं, 'क्रमशः' हा मंत्रच आहे. म्हटला की वीर मरत नाही. खेळात मेलेल्याने 'क्रमशः' म्हणायचं, मग दुसऱ्याने त्याला उठवायचंच.

चैत्रात, दवाखान्यात, सोमेश्वरने तोंडावरचा मास्क बाजूला केला. हसला.

"ताई… क्रमशः."

आणि गेला.

म्हणूनच त्याच्या अस्थी अजून अंगणातल्या लिंबाला टांगलेल्या होत्या. आई, वत्सलाबाई, रोज विचारायची, "कवा नेतीस गं गंगेला?" गंगा म्हणजे आमच्याकडे गोदावरी.

"बघू."

अंक कुलूपबंद पेटीत होता. किल्ली सुनिताच्या गळ्यात. तरी त्या दुपारी तिने पेटी उघडून अंक काढला, तर शेवटच्या पानावर राख…

ती अंगणात धावली. अस्थींच्या गाडग्यावरचं फडकं पाहिलं.

गाठ तशीच. तिनेच मारलेली.

ती घरात आली. वीज गेली होती. पंखा थांबलेला.

पेटीमागून आवाज आला…

धाप.

दवाखान्यातली. एक श्वास ओढायचा, दुसरा सापडायचा नाही.

"सोम्या?"

"ताई… उठव ना…"

तिने हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही.

"ऊठ! ऊठ रे सोम्या!" ती ओरडत राहिली. धाप वाढतच गेली.

दारात आई उभी होती. तिलाही ऐकू येत होतं.

"न्हाई उठायचा त्यो आता," आई म्हणाली. "तूच धरून ठेवलंस गं त्याला. लई दम लागलाय लेकराला."

अंकावर, 'क्रमशः'खालच्या राखेत, गोष्ट संपल्यावर ओढतात तशी एक रेघ आपोआप उमटत होती…

सुनिताने अंक मिटला.

"समाप्त, सोम्या," ती म्हणाली. "आई, उद्या गंगेला जायचं. त्याला सोडायचं."