उपचारापूर्वीचं रक्त

रक्त तपासणं हे छोटीचं रोजचं काम. इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईच्या खोलीला लागून तिची प्रयोगशाळा होती. भिंतीपलीकडे दिवसभर यंत्रं घरघरत, खोलीत स्पिरिटचा वास दरवळे, आणि कोपऱ्यात नमुने गोठवायचा उंच फ्रीझर उभा असे. चाळिशी उलटली, हाताखाली माणसं आली, तरी थोरल्या बहिणीने ठेवलेलं ‘छोटी’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

ताई पोहायला शिकवायची. पाण्याला बिचकणारी अर्धी गल्ली तिने तरंगवली होती. तीच ताई एका वर्षी भिंतीकडे तोंड करून पडली ती उठेचना. औषधं झाली, बदलून झाली. आधी जेवण सुटलं, मग बोलणं. तिच्या उशीखाली साठवलेल्या गोळ्या भाऊजींच्या हाती लागल्या, तेव्हा सगळ्यांनी मन घट्ट करून विजेच्या उपचारांना होकार दिला.

ते उपचार वरच्या मजल्यावर होत. भूल द्यायची, क्षणभर वीज सोडायची. पायाची बोटं तेवढी थरथरत. मोठे डॉक्टर त्यावर संशोधन करत होते. आजारात ताणाचं एक संप्रेरक रक्तात चढलेलं असतं, ते उपचारांनी उतरतं का, हे त्यांना पाहायचं होतं. ताईचं उपचारापूर्वीचं रक्त छोटीनेच काढलं, त्यातला पिवळसर द्रव वेगळा करून नळ्यांत भरला आणि गोठवला.

ताई बरी झाली. काही आठवणी पुसल्या गेल्या, पण तेवढं होणारच होतं. ती खाऊ लागली, हसू लागली, तलावावर जाऊ लागली. छोटीच्या जिवात जीव आला.

पुढे संप्रेरक मोजायचं यंत्र दुरुस्त होऊन आलं, म्हणून छोटीने जुने नमुने पुन्हा मोजले. सगळ्यांचे आकडे जुळले. ताईच्या उपचारापूर्वीच्या नळीचा मात्र वाढला होता.

गोठलेल्या रक्तात आकडा घटू शकतो. वाढायला शरीर लागतं.

तिचा पहिला संशय मोठ्या डॉक्टरांवर गेला. आधीचा आकडा जितका वाईट, तितका त्यांचा उपचार उजळ दिसणार.

“सर, फ्रीझरची किल्ली कुणाकुणाकडे असते?”

“तुमच्याकडे आणि माझ्याकडे. का हो?”

“सहज विचारलं.”

“सहज कुणी किल्ल्यांची चौकशी करत नाही, मॅडम.”

त्यांनी पुन्हा कागदांत डोकं घातलं. छोटीने त्याच दिवशी कुलूप बदललं आणि एकुलती एक किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. पुढच्या आठवड्यात दुसरी नळी उघडली. आकडा आणखी वर गेला होता.

आता तिचा स्वतःच्या हातांवरही विश्वास राहिला नाही. तिने ताईच्या दोन नळ्या नाव झाकून दुसऱ्या शहरात प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मैत्रिणीकडे पाठवल्या. एक सकाळी उघड, एक संध्याकाळी, एवढंच सांगितलं.

मैत्रिणीचा फोन आला. “कुणाचं आहे गं हे? सकाळी चढलंय, संध्याकाळी थोडं उतरलंय. धडधाकट माणसाचं उतरतं तसंच, पण एकूण फारच वर आहे. लवकर दाखल करा.”

“दोन्ही नळ्या एकाच वेळच्या रक्ताच्या आहेत.”

“काहीतरीच काय!” मैत्रीण हसली. मग तिचं हसू थांबलं. “छोटी, थट्टा करतेयस ना?”

छोटी ताईच्या घरी गेली. ताई तलावावर होती. भाऊजी एकटेच टॉवेलांच्या घड्या घालत होते.

“ताई कशी आहे?”

“छान आहे,” ते म्हणाले. घडी मोडून त्यांनी पुन्हा घातली. “सुधारलीय, नाही असं नाही. पण हल्ली कितीही पोहली तरी तिला दम लागत नाही. एवढं बरं कुणी होतं का गं?”

त्यानंतर छोटीने काही ना काही निमित्त काढून ताईचं रक्त घेतलं. कधी सकाळी, कधी संध्याकाळी. कधी उपाशी, कधी जेवल्यावर. आकडा दरवेळी तोच. दशांशाचाही फरक नाही.

जिवंत माणसात असं होत नाही. असं होतं ते नळीत.

उपचारापूर्वीची शेवटची एक नळी उरली होती. मोजायला घेतली तर ती संपणार होती, आणि संपली तर काय संपेल, हे तिला कळत नव्हतं. ती फ्रीझर उघडून तशीच उभी राहिली. गार वाफ पावलांवर उतरत होती. शेजारच्या नळ्यांवर पांढरं हिम साचलं होतं. हिच्यावर नव्हतं. तिने हातमोजा काढून नळी मुठीत धरली.

कोमट होती.

“ते माझं ना?”

दारात ताई उभी होती. केस ओले, चेहरा प्रसन्न. तपासणीला यायचं तिला छोटीनेच सांगितलं होतं.

“टाकून दे की आता, छोटे.”

“राहू दे ना. कामाचं आहे.”

“आजारातलं ते. कशाला सांभाळायचं?” ताई हसत होती. डोळे मुठीवर होते. “तिथे बेसिन आहे बघ.”

छोटीने पाठ फिरवली, नळ सोडला, रिकामा हात पाण्याखाली धरला. नळी तिने कोटाच्या खिशात सरकवली.

“टाकलं,” ती म्हणाली.

“नक्की?”

“नक्की.”

ताई खुर्चीत बसली आणि तिने बाही वर केली. छोटीने सुई घातली. रक्त नळीत संथपणे भरत गेलं, लालभडक, रोजच्यासारखं. खिशातली ऊब तिला कापडातून मांडीला जाणवत होती. तिने सुई काढली, कापूस ठेवला, अंगठ्याने दाबून धरला.

“आज गप्प गप्प का गं?” ताई म्हणाली.

छोटीने कापूस उचलला.

तो कोरा होता.