मेनूतला आवाज

"मेलेले प्लेअर जिवंत करता तुम्ही?"

मी मान वर केली. दारात एक उंच तरुण उभा होता. बाहीला पीठ, हातात कागदी पिशवीत गुंडाळलेला जुना म्युझिक प्लेअर. त्याच्याबरोबर ताज्या पावाचा वासही दुकानात शिरला. समोरच्या हॉटेलात पाव द्यायला आला होता म्हणे... आमच्या काचेतले प्लेअर पाहून थबकला.

"कुणी मारला, त्यावर आहे," मी म्हणाले.

"मीच..."

बाबा रेडिओ दुरुस्त करतात. कोपऱ्यातलं टेबल माझं. जुन्या प्लेअरमधलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅम, काढून हौशी मंडळींनी लिहिलेलं नवं घालायचं, ही माझी खासियत. माझ्या हातून आजवर एकही प्लेअर वाया गेलेला नाही, आणि हे सांगताना मला मुळीच लाजबिज वाटत नाही.

त्याच्या आत्याची नजर गेली होती. आयुष्यभर गाणं शिकवलेली, मोठी मानी बाई. गाणं लावून द्यायला रोज कुणाला तरी हाक मारायची, याचा तिला मनस्वी तिटकारा. फोनच्या काचेवर बोटांना काही लागत नाही. या प्लेअरला खरी बटणं होती. नव्या फर्मवेअरमध्ये पडद्यावरचा मेनू बोलतो, असं वाचून यानं घरीच उद्योग केला – आणि पडदा काळा!

मी प्लेअर उलटा केला. "मागचा मॉडेल नंबर वाचलात?"

"नाही. फोटोत अगदी असाच होता."

"बाहेरून जुळे, आतून वेगळे. तुम्ही याला भावाचं औषध पाजलंत."

"म्हणजे... गेला?"

"पाव अर्धा भाजला असताना भट्टी उघडता का तुम्ही?"

"छे!"

"मग इथंही बसा गुपचूप. आधी बॅटरी भरू दे."

बसला बिचारा, माझ्या हातांकडे बघत. मी दोन बटणं दाबून धरली, केबल लावली. काही नाही. पुन्हा लावली... काही नाही. एवढी फुशारकी मारून बसले होते ना! कधी न पाहिलेल्या आत्याबाईंचा चेहराही डोळ्यांसमोर आला. आणखी एकदा दाबलं – पडदा उजळला! तो "आला!" असं इतक्या जोरात ओरडला, की बाबांच्या हातातला स्क्रू पडला.

"आता बोलेल मेनू?"

"बोलेल. पण यंत्राच्या परक्या उच्चारात."

"आत्या चुकीचे उच्चार खपवून घेत नाही हो..."

मग मी बाबांना सगळे रेडिओ बंद करायला लावले आणि मेनूतला एकेक शब्द माझ्याच आवाजात रेकॉर्ड केला. गाणी. मागे. पुढे. आवाज वाढवा. पुसायचं का? नाही. हो... नेमकी तेव्हाच आमची नजरानजर झाली आणि ते 'हो' मला पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं.

महिन्याभरानं आत्याबाई स्वतःच आल्या, त्याचा हात धरून. गळ्यात प्लेअर, मान ताठ.

"तूच का ती? उच्चार स्वच्छ आहेत तुझे. मी आता कुणालाही हाक मारत नाही."

माझा ऊर भरून आला. बाबांकडे पाहिलं, तर ते उगाचच चष्मा पुसत होते.

"पण याला आवर बाई," आत्या पुढे म्हणाल्या. "रोज सकाळी माझा प्लेअर पळवतो. गाणं एक लावत नाही, नुसता मेनू ऐकत बसतो!"

तो कानापर्यंत लाल झाला. बाबांना एकाएकी आत्याबाईंना दुकानाच्या दुसऱ्या टोकाचा रेडिओ ऐकवायची आठवण झाली.

"खरं?" मी विचारलं.

"खरं. तुमचं 'हो' तर... पण ते प्लेअरला दिलेलं. मला माझं हवंय."

"मग विचारा की काहीतरी!"

"माझ्याशी लग्न –"

"पुन्हा घाई?"

तो हसला, बाहीवरचं पीठ झटकलं. "बरं. आज संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला याल?"

मी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "हो."

दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून आत्यांचा आवाज आला, "सुरात लागलं गं! आता पुन्हा रेकॉर्ड करू नकोस."