मंद ताऱ्याच्या सात नोंदी

लिफ्टचं दार मिटता मिटता तिने आत पाऊल टाकलं, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, बाहेर या. आत तो एकटाच जाईल."

'तो' म्हणजे कमरेएवढ्या पिंपातला द्रवरूप नायट्रोजन. बंद लिफ्टमध्ये तो गळला तर माणूस गुदमरतो. हे तिला ठाऊक होतं, पण पावसात निथळत आल्यामुळे तिचं लक्षच नव्हतं.

"मग तुम्ही?"

"जिन्याने. तो पोचायच्या आत वर पोचायचं असतं."

आणि तो माणूस दोन-दोन पायऱ्या एकदम चढत सुटला. ती धापा टाकत चौथ्या मजल्यावर आली, तेव्हा तो पिंप लिफ्टबाहेर ओढत होता.

"जिंकलात?"

"हरलो." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "मागे वळून बघत चढलो ना... त्यात वेळ गेला."

त्या खगोलसंस्थेत त्याला सगळे थंडोबा म्हणत. गच्चीवरच्या दुर्बिणीला जोडलेला अवरक्त कॅमेरा उणे दोनशे अंशांच्या आसपास थंड ठेवायचा, हे त्याचं काम. त्याच कॅमेऱ्यातून ती आकाशगंगेतले रूपविकारी तारे, म्हणजे तेज कमीजास्त होणारे तारे, अभ्यासायची. दुपारच्या कॉफीला दोघं एका टेबलावर बसू लागली.

"साध्या दुर्बिणीने का नाही दिसत तुमचे तारे?"

"मध्ये धूळ आहे. साधा प्रकाश तिच्यात अडकतो, अवरक्त मात्र आरपार येतो."

"म्हणजे तुम्हाला धुळीपलीकडचं दिसतं," तो कपाकडे बघत म्हणाला, "समोरचं मात्र..."

ती हसली. ऐकलंच नाही असं दाखवलं, पण संध्याकाळी घरी आई म्हणाली, "स्वारी आज भलतीच खुशीत दिसते." पुढे 'अहो'चं 'अरे' कधी झालं, हे दोघांनाही कळलं नाही.

तिसऱ्या वर्षी तिच्या हाती एक तारा लागला. मंद, धुळीआडचा, मध्येच एकदम काळवंडायचा. असा तारा याआधी कुणी पाहिला नव्हता. लेख तयार झाला. सर्वांसमोर तो मांडायचा, त्या सकाळी सभागृहाच्या दारातच थंडोबा उभा होता. नवा शर्ट, हातात तपमानाची वही.

"दोन मिनिटं आहेत? एक तर हे बघ. तुझा तारा ज्या सात दिवशी मंदावला, त्या सातही दिवशी कॅमेरा थोडा तापला होता. कदाचित दोष—"

"शेजारचे तारे नाही मंदावले."

"ते ठळक आहेत. त्यांना थोड्या उष्णतेने फरक पडत नसेल."

आत माणसं जमली होती. तिच्या सरांनी मान वर केली. तिचे कान तापले. "हे बघा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही पिंपं सांभाळा. तारे सांभाळायला आम्ही आहोत."

कुणीतरी खुदकन हसलं. त्याने वही मिटली, मान हलवली आणि तो निघून गेला.

तिचा लेख मांडून झाल्यावर टाळ्या पडल्या. तीन आठवडे ती त्याच्या टेबलाकडे फिरकली नाही. आधी रागाने, मग लाजेने. शेवटी एका रविवारी तिने कॅमेरा मुद्दाम तेवढाच तापवून दुसरा मंद तारा टिपला. तोही तसाच काळवंडला. छापायला गेलेला लेख तिने स्वतः मागे घेतला आणि सोमवारी सकाळी तडक चौथा मजला गाठला.

तिथे नवा माणूस होता. "ते नोकरी सोडून गेले. शुक्रवारीच."

पत्ता मिळवायला आठवडा पुरला असता. तिला आठ महिने लागले. रोज ती उद्यावर ढकलायची.

तो एका लसींच्या शीतगृहात होता. जाड कोट काढत बाहेर आला, तिला पाहून थबकला.

"तू बरोबर होतास," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर कबूलही केलं. तुझी माफी तेवढी राहिली होती."

"लेख मागे घेतलास ते कळलं. सोपं नाही ते." तो मनापासून म्हणाला. तेच तिला जास्त लागलं.

"त्या दिवशी 'एक तर हे बघ' म्हणालास. दुसरं काय होतं?"

तो हातातल्या कोटाची बटणं चाचपू लागला. "पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. इथलीच हिशेबनीस आहे... चांगली आहे ती. आता ते दुसरं सांगायला मी मोकळा नाही."

"मला कळलं," ती म्हणाली. "मी त्या दिवशी 'हो' म्हणाले असते. एवढं ऐकून ठेव, उत्तर देऊ नकोस."

तो फाटकापर्यंत सोबत आला, बस येईपर्यंत उभा राहिला. बस हलली तेव्हा तिने खिडकीतून पाहिलं. तो आत जायला वळला होता, आणि दारापाशी पोचल्यावर ते उघडायचं सोडून तसाच उभा होता.